मुदत संपायच्या आत

ज्या माणसाच्या घरात मी उमेदीची वर्षं भाड्यानं काढली, त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलावेत असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. विक्षिप्त माणसांविषयी बोलताना लोक शेवटी मायेवर येतात. तऱ्हेवाईक होते हो, पण मनाचे निर्मळ, वगैरे. आमचे मालक तऱ्हेवाईक होते इथपर्यंत मी येतो. तिथून पुढं ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं.

औरंगाबादला सिडकोत त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि काकू, वर आम्ही दोघं नवराबायको. मालक मूळचे करमाडकडचे. घरची जमीन कारखान्यांत गेली, त्यातून हे घर उभं राहिलं. स्वतः ते एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण तिथल्या बाकीच्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

या माणसाला जगात एकच गोष्ट दिसायची, ती म्हणजे तारीख. प्रत्येक वस्तूला मुदत असते आणि त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती वापरणं हा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस आधी टाकली तर आपण लुबाडले गेलो, एक दिवस नंतर वापरली तर आपण मूर्ख. एवढ्या बारीक फटीत ते स्वतः जगले, त्याला माझी हरकत नाही. बायकोलाही तिथंच कोंबलं, त्याला आहे.

एकदा मी काही कामानं खाली गेलो तर मालक पलंगावर बसून खोकल्याचं औषध पीत होते. चमच्यानं नाही, बाटलीला तोंड लावून.

"खोकला झाला का?" मी विचारलं.

"नाय बा."

"मग?"

"ह्या महिन्यात संपायलीय ना तारीख." तळाचा थेंब जिभेवर घेत ते म्हणाले. "फेकून द्यायचं का मग?"

दुपारी जे झोपले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. काकू बिचाऱ्या दोनदा नाकाशी हात धरून बघून गेल्या. उठल्यावर चेहऱ्यावर समाधान असं की विचारू नका.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. नळ आला की गल्लीत नुसती धांदल उडते. उरलेलं शिळं पाणी लोक झाडांना घालतात, अंगण धुतात, पिंपं घासतात आणि ताजं भरून घेतात. मालकांचं शास्त्र निराळं होतं. आधीचं संपल्याशिवाय नवं भरायचं नाही. नळ धो धो वाहतोय, काकू हातात पाइप घेऊन उभ्या आहेत, आणि हे पिंपावर झाकण दाबून बसलेत. "आधी हे संपू दे." नळ काय यांच्या पिंपासाठी थांबतो? तो जायचा. मग पुढचा आठवडा काकूंनी ते अर्धं पिंप पुरवायचं, आणि पुरलं नाही की वर आमच्याकडून कळशी न्यायची. आमचं पाणी मात्र ताजं असायचं. त्याबद्दल मालकांनी कधी तक्रार केली नाही.

आंब्यांचंही तेच. जो खराब व्हायला आलाय तो आधी खायचा. उद्या दुसरा खराब व्हायला आलेला असायचाच. पेटीच्या पेटी संपायची आणि त्या घरात धड आंबा कुणी खाल्लेला नसायचा.

आमचा भाडेकरारसुद्धा या जाचातून सुटला नाही. मुदत संपायला महिना उरला की मी विचारायचो, मालक, वाढवायचा ना? "तारीख हाय की अजून," एवढंच उत्तर. शेवटच्या आठवड्यात माझी बायको खोकी जमवायला लागायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जिन्यात उभं राहून मालक हाक मारायचे, "ऱ्हावा आता." दर वर्षी हे नाटक. आम्ही का सहन केलं, असं कुणीही विचारेल. माझं ऑफिस जवळ होतं हे एक, आणि खाली काकू होत्या हे दुसरं.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावरही भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि भाजी निवडायला बसल्या की त्यांची पाठ भिंतीला अन् डोकं हिंदी महासागराला टेकायचं. माझ्या बायकोशी त्यांचं फार जमायचं. एकदा बोलता बोलता त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली.

"दर साली मी फळ्यावर ज्वालामुखी काढायचे. लाल खडू, पांढरा खडू. आतून लाव्हा येतो, वर राख उडते, सगळं सांगायचे. एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्ही बघितलाय का? मी म्हनलं, बघितलाय की. अगं, कुठला बघते? जालन्याच्या पल्याड गेले नव्हते मी. पोरगी इतकी खूश झाली. ते खोटं मला अजून टोचतंय बघ. मरायच्या आधी एकदा खरा बघायचाय. लांबून का होईना."

ही इच्छा त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती असं नाही. मालकांचं उत्तर तयार होतं. "धूरच बघायचाय ना? गच्चीवर जाऊन शेंद्र्याच्या कारखान्यांकडं बघ."

मालकांकडं स्वतःचा पासपोर्ट होता. शेजारच्यानं काढला म्हणून त्यांनीही काढला होता, निवृत्तीच्या सुमारास. तेव्हा त्यासाठी बाहेरगावी जावं लागायचं. काकूंनी विचारलं, माझा? तर म्हणाले, "तुला कुठं जायचंय?" यांना तरी कुठं जायचं होतं? पण पोलीस चौकशीला घरी येतो आणि खुर्चीत बसून चहा पितो, याचं त्यांना अप्रूप. पुढं तो पासपोर्ट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटात गेला. शहराचं नाव बदललं तेव्हा कट्ट्यावर कुणीतरी त्यांना संभाजीनगरकर म्हणालं, तर हे म्हणाले, "माझ्या पासपोर्टावर औरंगाबाद हाय. त्याची तारीख संपली की मग बघू."

महिन्याच्या पहिल्या दिवशी कपाट उघडून घरातल्या यच्चयावत वस्तूंच्या तारखा तपासायच्या, हा त्यांचा नेम होता. अशाच एका पहिल्या तारखेला पासपोर्ट हातात आला आणि मालकांचा चेहरा पडला. दहा वर्षांची मुदत संपत आली होती, थोडेच महिने उरले होते. आत एक शिक्का नाही. सगळी पानं कोरी.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. नेमकं त्याच सुमाराला आमच्या गल्लीतल्या सात-आठ घरांचं बाली बेटावर सहलीला जायचं चाललं होतं. आम्हीही नाव दिलं होतं. मालक तिसऱ्या दिवशी वर आले आणि म्हणाले, "आमचं बी धरा. दोघांचं." माझी बायको धावत खाली गेली. तिनं काकूंना सांगितलं की बालीत ज्वालामुखी आहे, जिवंत आहे, समोर उभं राहून बघता येतो. काकूंनी नकाशावर बोट ठेवलं, ते विषुववृत्ताच्या खाली नेलं आणि तसंच धरून बसल्या. त्यांना वाटलं देव पावला. मालक फक्त पासपोर्ट वाया जाऊ नये म्हणून निघाले होते.

काकूंचा नवाकोरा पासपोर्ट काढला, आता तो गावातच निघत होता. मग मी मालकांना स्कूटरवर घेऊन क्रांती चौकातल्या रफीकभाईंकडं गेलो. सहल तेच नेत होते. त्यांनी काकूंचा पासपोर्ट बघितला, बाजूला ठेवला. मालकांचा उघडला आणि परत मिटला.

"चाचा, जाने के दिन इसपे चारच महिने बचते. छे महिने होना."

"तारीख संपली का?" मालकांनी विचारलं.

"संपली नै. मगर बाली में छे महिने का रूल है. उससे कम रहे तो उनो लोगां अंदर नै लेते. इधरच काउंटर पे रोक देते. अब्बी अर्जी डाल दो, नया हो जाता. टाइम है अपने पास."

"पासपोर्ट कुणी दिला? भारत सरकारनं. तारीख कुणी टाकली? भारत सरकारनं. मग त्या बालीवाल्याचा काय संबंध? मी आठ दिवसांत वापस यायलोय. तिथं काय सहा महिने मुक्काम करनाराय?"

मी समजावून बघितलं. म्हटलं, मालक, ते लोक पुढचं बघतात. माणूस तिकडं आजारी पडला, अडकून बसला आणि पासपोर्ट तिथंच संपला तर त्याला परत कसा पाठवायचा, म्हणून ही सोय आहे.

"मी आजारी पडत नाय," मालक म्हणाले. वर्षानुवर्षं मुदतीच्या काठावरची औषधं पिऊन हा माणूस खरंच आजारी पडला नव्हता, हे मला कबूल करावं लागलं.

खरं कारण परत येताना स्कूटरवर कळलं. नवा पासपोर्ट काढला की जुन्याचा कोपरा कापतात आणि त्याच्यावर रद्दचा शिक्का मारतात. एवढी वर्षं सांभाळलेला पासपोर्ट, आणि त्याला पहिला शिक्का लागायचा तो रद्दचा! ते त्यांना सोसणार नव्हतं. एकदा परदेशाचा शिक्का बसू दे, मग खुशाल कापा, असा त्यांचा हिशेब.

काकूंना हे आम्हीच सांगितलं. त्यांनी नवऱ्याला विनवलं. "रफीकभाई रोज मान्सं पाठवतेत, त्यांचं ऐका की." मालक म्हणाले, "तू भूगोल शिकवायचीस. कायदा मला शिकवू नको." त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत काकू रोज दिवा लावताना पुटपुटायच्या. काय मागत होत्या ते विचारायची गरज नव्हती.

निघताना गल्लीनं नारळ दिले, हार घातले. मालकांनी गळ्यात पाकीट अडकवलं होतं, त्यात दोन्ही पासपोर्ट. बॅग मात्र दोघांत एकच. दोन बॅगा म्हणजे उधळेपणा. तिच्या तळाशी मालकांनी फरसाणाचे पुडे भरले होते. मुंबईपर्यंत बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत राहिले की माणसानं नियमाला भ्यायचं नसतं, नियम वाचायचा असतो.

विमानतळावर रांगेत ते माझ्या पुढं होते. काउंटरवरच्या मुलीनं काकूंचा पासपोर्ट बघितला, मग मालकांचा उघडला, स्क्रीनवर बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला.

"काका, याला चारच महिने उरलेत. बालीसाठी सहा महिने लागतात. मला तुम्हाला बोर्डिंग पास देता येणार नाही."

मालकांनी तेच भाषण केलं. भारत सरकार, तारीख, आठ दिवस. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनीही तेच सांगितलं. तेव्हा मालक काउंटरवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग मुदतवाढ द्या की. शिक्का मारा, सही करा. आम्ही द्यायचो." आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर मुदतवाढीचे शिक्के मारलेल्या माणसाला खरंच वाटत होतं की विमानतळावरच्या त्या पोरीच्या खणात तसा एखादा शिक्का असेल. मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"काकू जाऊ शकतात," दोन्ही पासपोर्ट मालकांना परत देत मुलगी म्हणाली. "त्यांचा पासपोर्ट नवीन आहे."

"ती एकटी कशी जाईल? दोन्ही तिकिटं रद्द करा."

काकू इतका वेळ खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं.

"दोन्ही कशापायी?"

"मग तू एकटी जानार का?"

"एकटी कुठं? गल्ली सगळी संगं हाय. माझा पासपोर्ट द्या."

मालकांनी तो गळ्यातल्या पाकिटात घातला आणि पाकीट मुठीत धरलं. मागची रांग वाढत होती. काकूंचा हात तसाच पुढं होता, आणि मग त्या ज्या आवाजात बोलल्या तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. तो वर्गातला आवाज असणार.

"द्या म्हनते ना."

मालकांनी दिला. मग काकू तिथंच फरशीवर बसल्या, बॅगेची चेन उघडली आणि नवऱ्याचे कपडे एकेक करून बाहेर काढायला लागल्या. पायजमे, बनियन, पट्ट्यापट्ट्याच्या चड्ड्या, दाढीचं सामान, कानटोपी. बालीला कानटोपी! प्रत्येक वस्तू त्या मालकांच्या हातांवर ठेवत गेल्या आणि मालक हात पुढं करून उभे राहिले. कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत आला. कुणीतरी एक पिशवी दिली. काकूंनी बॅग बंद केली, स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवली, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "बाळा, मला खिडकी दे."

त्या वेळी मागं वळून त्यांनी बघितलं असतं तर कदाचित त्या गेल्या नसत्या. त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं. मालक पिशवी घेऊन उभे होते आणि अजून त्या मुलीला पासपोर्टवरची तारीख दाखवत होते.

विमानात काकूंनी हवाई सुंदरीला सांगून ठेवलं होतं की विषुववृत्त आलं की सांगा. ती पोरगी गोंधळली, पण तिनं पायलटला विचारून सांगितलं. काकूंनी खिडकीतून खाली बघितलं. नुसते ढग होते. "रेघ नसतेच तिथं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरं दर साली विचारायची." बालीत अधिकाऱ्यानं त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारला तेव्हा त्यांनी तो उघडाच धरून वाळवला.

ज्वालामुखीच्या दिवशी आम्ही वर पोचलो तेव्हा ढगांनी डोंगर गिळला होता. गल्लीतले लोक फोटो काढून, जेवून, बसकडं निघाले. काकू कठड्याला धरून उभ्याच. बायको आणि मी त्यांच्याजवळ थांबलो. चालक हॉर्न वाजवायला लागला. मग हळूहळू ढग सरकले आणि काळा डोंगर समोर आला. त्याच्या कुशीतून बारीकसा धूर निघत होता. फार मोठा नाही, चुलीचा असतो तेवढा.

"फळ्यावर मी लई टोकदार काढायचे गं," काकू म्हणाल्या. " असा पसरट असतो व्हय." आणि पदर डोळ्याला लावून मोकळेपणानं रडल्या. मला त्या बाईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि त्या माणसाची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

नेमका तेव्हाच मालकांचा फोन आला. आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. "अगं, तिथं उतरल्यावर सहा महिन्यांचं कुनी खरंच तपासतं का? विचारून ये जरा." काकूंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पुन्हा डोंगराकडं बघितलं.

आम्ही परत आलो त्या संध्याकाळी सगळी गल्ली मालकांच्या अंगणात जमली. आठ दिवस त्यांनी सगळीकडं सांगून ठेवलं होतं की मीच तिला पाठवलं, म्हटलं तुझी हौस आहे, जा, माझं काय. लोक ज्वालामुखीबद्दल विचारत होते आणि उत्तरं मालक देत होते. लाव्हा किती गरम असतो, किती लांबून बघावं लागतं, सगळं. काकू चहाचे कप फिरवत होत्या.

पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, "कायबी म्हना काकू, मालक संगं नव्हते. तुम्हाला करमलं नसंल."

काकूंनी रिकामा ट्रे खाली ठेवला.

"हे संगं असते तर ज्वालामुखी बघायला भेटलाच नसता," त्या म्हणाल्या. "इथनं नेलेलं फरसाण खराब व्हायच्या आत संपवत हॉटेलात बसलो असतो दोघं."

सगळं अंगण हसलं. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत.

"हसायलाव काय," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं मी तेच करायले."

लोक कप खाली ठेवायला लागले. मालकांनी बशीतला चहा सावकाश संपवला, मिशा पुसल्या आणि बायकोकडं बघून विचारलं, "म्हंजे ते फरसाण तसंच हाय का?"